पालिकेची इमारत, पालिकेचे भाडेकरू: माझगावच्या बाबू गेनू मंडईचे प्रकरण

२७ सप्टेंबर २०१३ रोजी, शुक्रवारी, सकाळी सहाच्या सुमारास मुंबईत डॉकयार्ड रोड स्थानकाजवळची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली. तळमजला आणि त्यावर चार मजले अशी ती इमारत होती. अग्निशमन दल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांनी ढिगारा उपसून माणसे बाहेर काढली. ६१ जणांचा मृत्यू झाला आणि ३२ जण जखमी झाले. वरच्या मजल्यांवर राहणारी कुटुंबे महानगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांची होती आणि इमारतीची मालक स्वतः बृहन्मुंबई महानगरपालिका होती.

मुंबई आणि परिसराला इमारत कोसळण्याच्या बातम्या नवीन नाहीत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे सत्तरहून अधिक माणसांचा बळी घेणारी इमारत बेकायदा होती आणि बांधकाम सुरू असतानाच ती पडली. दक्षिण मुंबईत पावसाळ्यात पडतात त्या बहुतेक जुन्या, उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणाऱ्या) इमारती असतात. गोठवलेली भाडी, दुरुस्तीत रस नसलेला घरमालक आणि जागा सोडायला घाबरणारे भाडेकरू हे त्यांचे नेहमीचे चित्र असते. माझगावची इमारत या दोन्हींपैकी कुठल्याच गटात बसत नाही. ती अधिकृत होती आणि १९८०च्या सुमारास बांधलेली, म्हणजे पडली तेव्हा जेमतेम ३३ वर्षांची होती. सिमेंट काँक्रीटच्या इमारतीकडून सर्वसाधारणपणे पन्नास-साठ वर्षांच्या सेवेची अपेक्षा ठेवली जाते. मालकाकडे पैसा नव्हता असेही म्हणता येत नाही, कारण २०१३-१४ या वर्षाचा महापालिकेचा अर्थसंकल्प सत्तावीस हजार कोटी रुपयांच्या वर होता. अभियंते होते, कायदा होता, तपासणीची पद्धत होती. इमारत धोक्यात असल्याची जाणीवही होती, कारण तिला तातडीच्या दुरुस्तीची गरज असल्याचे त्या वर्षी आधीच नोंदले गेले होते.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या इमारती कशा सांभाळाव्यात, या विषयासाठी हे प्रकरण मला इतके महत्त्वाचे वाटते ते याच कारणाने. जिथे पैसा नसतो, माणसे नसतात, कायदा नसतो, तिथे काय बिघडले हे सांगणे सोपे असते. इथे सगळे काही असूनही ते एकाच ठिकाणी, एकाच माणसाच्या टेबलावर कधी एकत्र आले नाही, असे या प्रकरणाच्या अभ्यासातून माझे मत झाले आहे आणि पुढचे विवेचन त्याच मताभोवती आहे.

तळमजल्यावर काय घडले

इमारतीच्या तळमजल्यावरची जागा मंडप सजावटीचे सामान ठेवण्यासाठी भाड्याने दिलेली होती. त्या जागेत परवानगी न घेता भिंती काढण्याचे आणि पोटमाळा घालण्याचे काम केल्याचा आरोप भाडेकरूवर झाला व त्याला अटक करण्यात आली. महापालिकेच्या काही अभियंत्यांवरही कारवाई झाली. दोषारोपाचा निवाडा हे न्यायालयाचे काम आहे. या लेखाला त्यात शिरायचे नाही. व्यवस्थापनाच्या दृष्टीने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: तळमजल्यावर असे काम चालू राहते तेव्हा इमारतीच्या आत नेमके काय होते, आणि ते मालकाला कळण्याची सोय कुठे असायला हवी होती?

कॉलम आणि बीमच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या इमारतीत वरच्या सगळ्या मजल्यांचा भार शेवटी तळमजल्याच्या कॉलमवर येतो. मधल्या विटांच्या भिंती हिशेबात धरलेल्या नसतात, त्यामुळे ‘भिंत काढली तर काय बिघडते’ असा समज सर्रास आढळतो. नव्या, धडधाकट सांगाड्यात तो काही अंशी खराही असतो. मात्र तीस वर्षे समुद्राची खारी हवा आणि दरसाल दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस खाल्लेल्या सांगाड्यात गोष्ट बदलते. काँक्रीटमधून ओल आणि क्षार आत झिरपतात, सळई गंजू लागते, आणि गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापत असल्याने तो आतून काँक्रीटला फोडतो. आधी कॉलमच्या कोपऱ्यावर उभी चीर दिसते, मग गिलावा फुगतो, मग काँक्रीटचा थर सुटून सळई उघडी पडते. अशा कॉलमचे सामर्थ्य घटलेले असते, आणि ज्या भिंतींवर भार नाही असे आपण मानत असतो त्या भिंती हळूहळू त्याच्या वाट्याचा थोडा भार आपल्यावर घेत असतात. ती भिंत काढली की तो भार परत दुबळ्या कॉलमवर जातो.

पोटमाळ्याचे काम त्याहून घातक असू शकते. पोटमाळ्यासाठी लोखंडी गर्डर टाकायचा तर त्याला टेकण मिळावे म्हणून कॉलमला किंवा भिंतीला खाच मारली जाते. गवंडी छिन्नी-हातोड्याने ती खाच मारतो तेव्हा सळईवरचे काँक्रीटचे आवरण जाते, कधी सळईसुद्धा आड आली म्हणून कापली जाते, आणि वर त्या पोटमाळ्यावर साठवलेल्या मालाचा भार कॉलमच्या मध्यावर बाजूने येऊन पडतो. लाकडी फळ्या, बांबू, गाद्या आणि कापडाचे गठ्ठे यांनी भरलेले गोदाम किती वजन देते याची कल्पना त्या गवंड्याला नसते आणि गोदामवाल्यालाही नसते. इमारतीचे आराखडे ज्याच्या दप्तरात आहेत त्यालाच ती असू शकते. म्हणजे ज्याला कळू शकते तो तिथे नसतो आणि जो तिथे असतो त्याला कळू शकत नाही.

चार वर्षांनंतर, जुलै २०१७ मध्ये, घाटकोपरची साई सिद्धी ही खासगी इमारत पडून १७ जण मरण पावले, तेव्हाही तळमजल्यावर चाललेल्या फेरफाराच्या कामाचीच चर्चा झाली. तळमजला धंद्यासाठी आणि वर राहती घरे हा मुंबईतल्या हजारो इमारतींचा नमुना आहे. तळमजल्यावर होणाऱ्या कामाचा धोका वरच्या मजल्यांवर झोपलेल्या माणसांना असतो, आणि त्या कामावर त्यांचा काहीही ताबा नसतो.

एक मालक, अनेक खाती

महापालिका या इमारतीच्या बाबतीत किती भूमिकांमध्ये उभी होती ते पाहिले पाहिजे. ती मालक होती. वरच्या घरांत राहणाऱ्यांची ती नोकरी देणारी होती. तळमजला भाड्याने देणारी आणि त्याचे भाडे घेणारी तीच होती. दुरुस्तीचे प्राक्कलन (खर्चाचा अंदाज) करणारी, निविदा काढणारी, ठेकेदार नेमणारीही तीच. शहरातल्या सगळ्या इमारतींप्रमाणे या इमारतीतही अनधिकृत बांधकाम होऊ नये यासाठी कारवाई करण्याचा अधिकार तिचाच होता, आणि इमारत धोकादायक ठरवून ती रिकामी करण्याची नोटीस काढण्याचा अधिकारही तिचाच होता.

कागदावर यात सत्तेचे विलक्षण केंद्रीकरण दिसते, पण कारभारात याच्या उलट घडते. मंडयांचा कारभार बाजार विभाग पाहतो. भाड्याने दिलेल्या अनेक जागा मालमत्ता विभागाकडे असतात. विभाग कार्यालयातले इमारत व कारखाने खाते अनधिकृत कामांवर नोटिसा काढते. इमारतींचे परिरक्षण (देखभाल-दुरुस्ती) वेगळ्या अभियंत्यांकडे, त्यासाठी लागणारा पैसा मुख्य लेखापालांच्या मान्यतेने, मालमत्तेविषयीचे काही प्रस्ताव सुधार समितीपुढे आणि मोठ्या खर्चाचे प्रस्ताव स्थायी समितीपुढे, असा हा प्रवास असतो. यातला प्रत्येक जण आपापल्या कामात नियमाने वागला तरीही इमारत पडू शकते; कारण एकाही खात्याची नजर त्या इमारतीवर ‘इमारत’ म्हणून नसते. भाडेवसुलीच्या दप्तरात ती एक गाळा असते, आस्थापना खात्यात काही सेवानिवासस्थाने असते, परिरक्षणात एक प्राक्कलन असते, आणि अनधिकृत बांधकामाच्या नोंदवहीत ती बहुधा नसतेच, कारण पालिकेच्याच इमारतीत पालिकेचा भाडेकरू काही करत असेल तर ते मालक खाते बघेल असे गृहीत धरले जाते.

शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधल्या कलम ३४२ प्रमाणे इमारतीत फेरबदल करायचे असतील तर आयुक्तांना सूचना द्यावी लागते. भाडेकरूला करता येण्याजोग्या किरकोळ दुरुस्त्यांना त्यातून सूट असते. चालू असलेले बेकायदा काम थांबवण्यासाठी कलम ३५४ अ आहे, धोकादायक बांधकामासाठी कलम ३५४ आहे. म्हणजे हत्यारांची वाण नाही. पण ही सगळी कलमे अशी कल्पना करून लिहिलेली आहेत की एका बाजूला पालिका आहे आणि दुसऱ्या बाजूला कुणीतरी तिऱ्हाईत मालक. पालिका स्वतःच मालक असते तेव्हा नोटीस कोणी कोणाला काढायची? कायद्याने याला मज्जाव नाही. पण एका खात्यातल्या कनिष्ठ अभियंत्याने दुसऱ्या खात्याच्या वरिष्ठाला नोटीस बजावणे कोणत्याही सरकारी कार्यालयात किती अवघड असते हे तिथे काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. खासगी मालकाला जी भीती असते ती पालिकेला स्वतःची वाटत नाही.

‘भाडेकरूची किरकोळ दुरुस्ती’ ही सूटही मालक जागा असेल तरच निर्धोक आहे. लादी बदलायची, गिलावा करायचा म्हणून काम सुरू होते आणि शटर अर्धे ओढून आत काय चालले आहे ते रस्त्यावरून दिसत नाही. खासगी घरमालक अशा वेळी डोकावतो, कारण भिंत त्याची असते. सार्वजनिक मालकाच्या वतीने डोकावणारा माणूस नेमलेला असावा लागतो, आणि डोकावणे त्याच्या कामाच्या यादीत लिहिलेले असावे लागते.

तपासणीचा कागद आणि इमारत

याच अधिनियमातले कलम ३५३ ब असे सांगते की इमारतीला तीस वर्षे झाली की मालकाने किंवा भोगवटादाराने नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तिची तपासणी करून घेऊन स्थैर्याचे प्रमाणपत्र सादर करावे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीसाठी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीसाठी दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणीची तरतूद आहे. १९८०च्या सुमारास बांधलेल्या माझगावच्या इमारतीने २०१०च्या आसपास तिशी ओलांडली, आणि ज्या वर्षांत ती सर्वांत बारकाईने पाहिली जायला हवी होती त्याच वर्षांत ती पडली.

तपासणीनंतर इमारतीची वर्गवारी होते. अतिधोकादायक, म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी, ती सी-१. रिकामी करून मोठी दुरुस्ती करावी लागेल ती सी-२ अ, रहिवासी राहत असताना दुरुस्ती करता येईल ती सी-२ ब, आणि किरकोळ दुरुस्तीची सी-३. ही पद्धत चांगली आहे आणि तिचा उपयोगही होतो. पण तिच्यात एक गृहीत लपलेले आहे: तपासणीच्या दिवशी इमारत जशी होती तशीच ती दुरुस्ती सुरू होईपर्यंत राहील. प्रत्यक्षात दुरुस्तीची गरज नोंदली गेल्यावर प्राक्कलन तयार होते, तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, लेखाशीर्षात तरतूद आहे की नाही याची खातरजमा, निविदा, देकार, समितीपुढचा प्रस्ताव, कार्यादेश, आणि एवढे होईपर्यंत पावसाळा आला तर बाहेरचे काम ऑक्टोबरपर्यंत लांबणीवर. या सगळ्या महिन्यांत इमारतीवर कोणाचीच नजर नसते. तळमजल्यावर तेवढ्यात एखादी भिंत निघाली तर कागदावरची वर्गवारी तीच राहते आणि इमारत मात्र दुसऱ्याच वर्गात गेलेली असते.

माझ्या मते या प्रकरणातला व्यवस्थापनाचा सर्वांत गंभीर दोष इथे आहे. दुरुस्तीची गरज मान्य होणे आणि दुरुस्ती सुरू होणे यांमधला काळ हा सर्वाधिक जोखमीचा काळ असतो, आणि आपल्या पद्धतीत नेमका तोच काळ निर्नायकी असतो. संशयास्पद कॉलमना लगेच लोखंडी टेकू लावणे, तळमजल्यावरचा साठा हलवायला लावणे, तिथली सर्व कामे दुरुस्ती होईपर्यंत बंद ठेवणे, भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून त्या तडकतात का हे दर आठवड्याला पाहणे, या गोष्टींना ना मोठी निविदा लागते ना स्थायी समिती. त्यांना लागतो तो फक्त एक अधिकारी, ज्याला हे करण्याचा हक्क आहे आणि न केल्यास जबाब द्यावा लागणार आहे.

तपासणीच्या अहवालावर आंधळी भिस्त ठेवण्याचा धोका पुढेही दिसला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा, पालिकेच्याच अखत्यारीतला हिमालय पादचारी पूल मार्च २०१९ मध्ये कोसळला. संरचनात्मक तपासणीत तो किरकोळ दुरुस्तीच्या गटात मोडला होता. काँक्रीट न फोडता त्याची मजबुती अजमावणाऱ्या रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचण्या, त्यांसाठीचे भारतीय मानक, गंजाचा अंदाज देणारी हाफ-सेल चाचणी, काँक्रीटचा गाभा काढून केलेली दाबचाचणी ही साधने उपलब्ध आहेत. पण त्यांतल्या कोणत्या चाचण्या किती ठिकाणी घ्यायच्या हे तपासणीचे काम देणाऱ्याने ठरवायचे असते. जो मालक फक्त स्वस्तातला दर पाहून सल्लागार नेमतो त्याला त्या दराच्या लायकीचा कागद मिळतो.

भाडे, भत्ता आणि एक रुपया

पैशाकडे पाहू. पालिकेकडे पैसा होता हे वर आलेच आहे, पण तो या इमारतीसाठी बाजूला काढलेला नव्हता. मंडईतील गाळ्यांची आणि भाड्याने दिलेल्या पालिकेच्या अनेक जुन्या जागांची भाडी बाजारभावाच्या मानाने फार कमी असतात, आणि जे येते तेही महसुलाच्या मोठ्या प्रवाहात मिसळून जाते. सेवानिवासस्थानात राहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, जिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. त्याला घरभाडे भत्ता मिळत नाही. तो भत्ता म्हणजे त्याने दरमहा भरलेले भाडेच आहे. पण लेख्यांत ते भाडे म्हणून कधी दिसत नाही. आस्थापना खर्चातली ती एक न दिसणारी बचत असते. ज्या घरासाठी कर्मचारी तीस वर्षे भत्ता सोडतो त्या घराच्या दुरुस्तीला त्यातला म्हणून वेगळा काढलेला एक पैसाही येत नाही. ही रक्कम इमारतनिहाय मोजून परिरक्षणाच्या खात्यात वळती केली, तर सेवानिवासस्थानांच्या दुरुस्तीसाठी दरवर्षी हात पसरण्याची वेळ येणार नाही, असे मला वाटते.

लेखापद्धतीतही बदल झालेले आहेत. २००४ मध्ये राष्ट्रीय महानगरपालिका लेखा नियमपुस्तिका आली, २००५ पासून जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाने दुहेरी नोंद पद्धतीचा आग्रह धरला, आणि स्थिर मालमत्तेच्या नोंदवह्या तयार होऊ लागल्या. त्यातून घसारा, म्हणजे वापराने आणि वयाने मालमत्तेची घटणारी किंमत, लेख्यांत दिसू लागला ही मोठी प्रगती होती. परंतु ज्या जुन्या मालमत्तेची मूळ किंमत सापडत नाही ती नाममात्र एक रुपयाने नोंदवली की तिचा घसाराही नाममात्रच होतो, आणि ज्या इमारतींना सर्वांत जास्त खर्च लागणार आहे त्याच हिशेबात सर्वांत हलक्या दिसतात. शिवाय लेख्यांत दाखवलेला घसारा म्हणजे बाजूला ठेवलेला पैसा नव्हे. गृहनिर्माण संस्थेत सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला निधी, वेगळा असतो, बँकेत असतो, आणि तो कशासाठी वापरला हे सर्वसाधारण सभेला विचारता येते. सार्वजनिक इमारतीला असा निधी क्वचितच असतो.

वारसा इमारती या बाबतीत थोड्या नशीबवान ठरतात. १८६९ साली उघडलेल्या क्रॉफर्ड मार्केटकडे, आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईकडे, साऱ्या शहराचे लक्ष असते. तिच्या दुरुस्तीवर वाद होतात, लेख येतात, तज्ज्ञ समित्या बसतात. अगदी नव्या इमारतींना दोषदायित्वाचा काळ असतो, ठेकेदार बांधील असतो. मधल्या, १९७० ते १९९० या काळात बांधलेल्या साध्यासुध्या इमारतींकडे, म्हणजे दवाखाने, शाळा, मंडया, कर्मचारी वसाहती यांच्याकडे, पाहायला कुणालाच कारण नसते. त्यातच १९७८ च्या काँक्रीट मानकात आजच्यापेक्षा कमी प्रतीच्या काँक्रीटची मुभा होती. एम-२० ही किमान प्रत २००० च्या सुधारित मानकाने आणली. समुद्राकाठच्या शहरात या पिढीच्या इमारतींची संख्या मोठी आहे आणि त्यांचे वय आता चाळीस-पन्नास आहे. कुठल्याही पालिकेने आपल्या इमारतींचा क्रम लावायचा असेल तर सुरुवात इथून करावी.

राहणाऱ्यांनी जायचे कुठे

इमारत धोकादायक आहे असे सांगितले की रहिवासी हटत नाहीत, अशी तक्रार प्रशासनाकडून नेहमी ऐकू येते. ती खोटी नाही. पण सेवानिवासस्थानात राहणाऱ्या मंडई कामगाराच्या किंवा सफाई कामगाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. नोकरीच्या ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावर घर आहे, मुलांची शाळा जवळ आहे. पर्यायी जागा दूर माहुलला किंवा मानखुर्दला मिळाली तर पहाटेची पाळी गाठायची कशी, आणि एकदा बाहेर पडल्यावर परत याच जागी घर मिळेल याची लेखी हमी कोण देणार, हे प्रश्न त्याच्यासमोर असतात. त्यातून तक्रार करायची ती कोणाकडे? ज्या खात्याच्या हाताखाली नोकरी आहे त्याच खात्याकडे. खासगी भाडेकरू पालिकेकडे धाव घेऊ शकतो. पालिकेच्या भाडेकरूला तशी तिसरी जागा नाही. त्याच्या तक्रारीची नोंद मालक खात्याबाहेर, उदाहरणार्थ दक्षता विभागात, व्हायला हवी, आणि ती नोंद झाल्यावर ठरावीक दिवसांत बाहेरच्या अभियंत्याने जागेवर जाऊन पाहणे बंधनकारक असायला हवे.

संक्रमण निवासाची तरतूद म्हणूनच दुरुस्तीच्या प्राक्कलनाचा भाग मानली पाहिजे. कुटुंबे हलवण्याची सोय नसलेली मोठ्या दुरुस्तीची योजना ही योजनाच नसते, कारण ती पहिल्याच पायरीला अडणार हे ठाऊक असते. प्रत्येक विभागात मोजकी घरे कायम रिकामी ठेवावी लागतील, आणि ‘जागा पडून का?’ असा आक्षेप लेखापरीक्षणात आला तर आयुक्तांनी त्याचे उत्तर अधिकृतपणे द्यावे लागेल. सफाई कामगारांच्या वसाहतींच्या पुनर्विकासासाठी महापालिकेने आश्रय योजना हाती घेतली ती याच प्रश्नाला हात घालणारी आहे. मात्र पुनर्विकासाची वाट पाहणाऱ्या इमारतीतही माणसे आजच राहत असतात आणि त्यांचे टेकू, गळती व भेगा आजच पाहाव्या लागतात.

इमारतीला धनी नेमणे

धोरणात्मक व्यवस्थापन म्हटले की मोठ्या सल्लागार संस्थेचा जाडजूड अहवाल आणि संगणकप्रणाली डोळ्यांसमोर येते. प्रणालीला माझा विरोध नाही. पण या प्रकरणात जे कमी पडले ते प्रणालीने भरून निघाले नसते. प्रत्येक इमारतीला एक नावानिशी जबाबदार अधिकारी हवा. तो कोणत्या खात्याचा हे दुय्यम आहे. मात्र भाडेकरार, सेवानिवासस्थानांचे वाटप, परिरक्षण, तपासणी अहवाल आणि अनधिकृत कामांच्या तक्रारी या पाचही फायलींची प्रत त्याच्याकडे आली पाहिजे, आणि त्याच्या सहीशिवाय त्या इमारतीतला कुठलाही गाळा भाड्याने जाता कामा नये. कोणत्या वापराला इमारत झेपते हे ठरवण्याचा अधिकार त्याचा असेल तर गोदामासाठी अर्ज आल्यावर ‘किती भाडे’ या प्रश्नाच्या आधी ‘किती भार’ हा प्रश्न विचारला जाईल.

भाडेकरारातही बदल हवेत. महिन्यातून एकदा पूर्वसूचना न देता आत येऊन पाहण्याचा मालकाचा हक्क, कॉलम-बीम झाकणाऱ्या सजावटीला बंदी, साठ्याच्या वजनाची मर्यादा दर चौरस मीटरला किलोग्रॅममध्ये, आणि परवानगीशिवाय संरचनेला हात लावल्यास करार तत्काळ रद्द, ही कलमे छापील नमुन्यातच असावीत. प्रत्येक गाळ्याशी नव्याने घासाघीस करायची वेळ आली की ती गळतात.

लहान नगरपरिषदांना हे कसे जमणार, हा प्रश्न रास्त आहे. तिथे एक-दोन अभियंत्यांवर रस्ते, पाणी आणि गटारे सांभाळण्याचा भार असतो, आणि व्यापारी संकुल, वाचनालय, दवाखाना, नाट्यगृह मिळून इमारती मोजक्याच असतात. माझ्या मते त्यांच्यासाठी काम उलट सोपे आहे: इमारती इतक्या थोड्या की मुख्याधिकाऱ्याने वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, स्वतः प्रत्येकीच्या गच्चीवर आणि तळमजल्यावर जाऊन यावे, आणि तपासणीसाठी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागाशी वार्षिक करार करावा. मुंबईसारख्या शहरात, जिथे मंडयाच नव्वदच्या वर आहेत, तिथे मात्र स्वतंत्र यंत्रणेला पर्याय नाही.

अधिकाऱ्यांच्या बदल्या होत राहणार. म्हणून पदभार देताना आणि घेताना जशी रोख रकमेची व साहित्याची यादी तपासून सही होते, तशीच त्या अधिकाऱ्याच्या ताब्यातल्या इमारतींची यादी असावी: वय, शेवटच्या तपासणीची तारीख, वर्गवारी, अपुरी राहिलेली दुरुस्ती, तळमजल्याचा वापर, राहणाऱ्या माणसांची संख्या. पदभार देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने जागेवर जाऊन, तळमजल्याचे प्रत्येक शटर उघडायला लावून, मगच तिच्यावर सही करावी, आणि ती यादी विभाग कार्यालयाच्या सूचनाफलकावर तसेच त्या त्या इमारतीच्या जिन्याखाली लावावी.